आजोबांची तिकिटं: ग्रेड वाढवायला जाऊ की आहे तशी सांभाळू? पावसाळा तोंडावर आहे, मदत करा

कौलारू_फोंडा:
नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझे आजोबा टपालात होते, पोर्तुगीजांच्या वेळी पण आणि गोवा मुक्तीनंतर भारताच्या टपालात पण, आणि आयुष्यभर त्यांनी पोस्टाची तिकिटं जमवली. ते गेल्यावर तीन अल्बम माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत पडून होते. गेल्या आठवड्यात कौलं परतायला माणसं येणार म्हणून माळा रिकामा केला तेव्हा हाताला लागले, उघडले आणि तिथेच तासभर बसून राहिलो.

पहिल्या अल्बममध्ये पोर्तुगीज इंडियाची, म्हणजे पोर्तुगीजांच्या वेळच्या गोवा-दमण-दीवची तिकिटं आहेत, रैस या जुन्या चलनाची अगदी जुनी, मग तांगा आणि रुपियावाली, शेवटी एस्कुदो-सेंताव्होवाली. दुसऱ्यात भारताची, त्यात १९४८ चा गांधीजींचा चार तिकिटांचा सेट आहे, दहा रुपयांचं पण आहे!! सगळी त्या जुन्या पद्धतीने मागे छोटी कागदी पट्टी, म्हणजे हिंज लावून चिकटवलेली. बऱ्याच तिकिटांवर तपकिरी ठिपके आलेत, वास पण येतोय कुबट. तिसऱ्या अल्बममधली वीसेक तिकिटं पानाला नाहीतर एकमेकांना चिकटूनच बसलीत, ओढायची हिंमत झाली नाही.

ओळखीतून एक गृहस्थ बघायला आले, जुनी नाणी-तिकिटं घेतात विकतात. त्यांचं म्हणणं असं की माल चांगला आहे पण कंडिशन खाली आहे, तर सगळे हिंज काढून टाका, डाग धुऊन घ्या, मागे नवीन डिंक मारून मिळतो तो मारा, मग परदेशात पाठवून ग्रेड करून प्लास्टिकच्या डबीत सील करून आणा, एकदा सील झालं की दमट हवा काही करू शकत नाही आणि किंमत चौपट. घरात काका म्हणतात त्यांना देऊन टाक ते करतील सगळं. मला विकायची घाई नाही, खरं तर विकायचीच नाहीत, पण खराब होऊन गेली तर आजोबांना काय सांगू. ग्रेडिंग केल्याने तिकीट टिकतं का? आणि हे हिंज, डाग, डिंक यांचं काय करायचं? जूनला पंधरवडा राहिलाय.

जुना_अल्बम_मडगाव:
बाबा, पहिलं काम, त्या गृहस्थांच्या हातात अल्बम देऊ नकोस आणि स्वतः पण काही धुऊ नकोस. आता बैस, सविस्तर सांगतो. मी चाळीसेक वर्षं पोर्तुगीज इंडिया जमवतोय त्यामुळे या विषयावर मला थांबवणं कठीण आहे.

ग्रेड म्हणजे काय ते आधी नीट समजून घे कारण तिथेच सगळे फसतात. तिकिटाची कंडिशन बघताना दोन जातीच्या गोष्टी बघतात. एक म्हणजे सेंटरिंग, चित्र चारही बाजूंच्या भोकांच्या मध्ये बरोबर बसलंय का, हे तिकीट छापून भोकं पाडून बाहेर पडलं त्या दिवशीच ठरलं, तू सोन्याच्या पेटीत ठेव नाहीतर माळ्यावर, त्यात काडीचा फरक होणार नाही. दुसरी जात म्हणजे कागद, रंग, डिंक, भोकांचे दात, दुमड, मागून कागद सोलला गेलाय का, डाग. ही सगळी माणसाच्या हातात, आणि आपल्याकडे तर हवेच्या हातात. अमेरिकेत आकडा देतात, शंभरपैकी, म्हणजे व्हेरी फाइन ८०, एक्स्ट्रा फाइन ९०, सुपर्ब ९८, जेम १०० असं. तो आकडा मुख्यतः सेंटरिंगवर चालतो आणि मग बाकीचे दोष बघून खाली येतो. म्हणजे ग्रेड हा त्या दिवशीचा फोटो आहे रे. फोटो काढल्याने माणसाची तब्येत सुधारत नाही.

आता हिंज. आपल्या आजोबांच्या पिढीत सगळे हिंजच लावायचे, हिंज नसलेलं तिकीट म्हणजे ज्याने अजून अल्बममध्ये लावलं नाही एवढाच त्याचा अर्थ. मागचा डिंक अगदी टपाल खिडकीतून आला तसा अस्पर्श पाहिजे, म्हणजे मिंट नेव्हर हिंज्ड, हे वेड नंतरचं. त्या वेडाने भाव इतका वर गेला की लोक हिंजची खूण लपवायला नवीन डिंक मारायला लागले. असा रीगम केलेला माल जाणकाराच्या हातात गेला की तो तिकीट उलटं धरून दातांची टोकं बघतो. मूळ तिकिटाला आधी डिंक लागतो आणि मग भोकं पडतात म्हणून फाटलेल्या दातांचे तंतू मऊ, मोकळे असतात. नंतर मारलेला डिंक त्या तंतूंवर चढतो, टोकं कडक होतात. पकडलं जातं, आणि मग प्रामाणिक हिंजवाल्या तिकिटापेक्षा पण खाली जातं.

तुझ्या रैसवाल्या तिकिटांबद्दल. पोर्तुगीज इंडियाची पहिली तिकिटं १८७१ ची, इथेच गोव्यात छापलेली, मध्ये मोठा आकडा आणि भोवती सेर्विसो पोस्टाल, म्हणजे टपाल सेवा, असं लिहिलेलं. छपाई ओबडधोबड, सेंटरिंग म्हणशील तर बहुतेकांचं वाकडंच, आणि मला ती त्यामुळेच आवडतात. त्यांना ९५ आकडा मिळावा ही अपेक्षाच चुकीची. पोर्तुगीज वसाहतींच्या तिकिटांत अजून एक गोष्ट, मकाव आणि तिमोरची तर कितीतरी तिकिटं मुळातच डिंकाशिवाय निघालेली. त्यामुळे तुझ्याकडच्या एखाद्या तिकिटामागे डिंक नसला तर आधी कॅटलॉगमध्ये बघ, डिंकाशिवाय निघालं अशी नोंद असू शकते. अशा तिकिटाला कोणी डिंक मारला तर त्याने दुरुस्ती नाही केली, खरं तिकीट खोटं केलं.

हिंज ओढून काढू नकोस. सुकलेला हिंज चांगल्या प्रतीचा असेल तर आपणहून सुटतो, नाहीतर जाताना मागचा कागद सोलून नेतो. त्याला थिन म्हणतात, उजेडासमोर धरलं की तेवढा भाग पातळ दिसतो. हिंजचा तुकडा राहिला तर किंमत थोडी कमी, थिन झालं तर तिकीट कायमचं जायबंदी.

डिचोली_नाणी_नोटा:
मडगावकर काका बोलले त्यात माझं एक दुःख जोडतो. १९५९ मध्ये पोर्तुगिजांनी चलन बदलून एस्कुदो आणलं तेव्हा जुन्या तिकिटांवर नवीन किंमत छापून वापरली होती, त्यांचे ब्लॉक माझ्या बाबांकडे होते, चार-चार जोडून, डिंकासकट, हिंज नाही काही नाही, अगदी टवटवीत. मी कॉलेजला असताना मला कळलं की डिंक शाबूत असेल तर भाव जास्त, म्हणून मी त्यांना हवा लागू नये म्हणून शहरातल्या एका स्टेशनरीवाल्याकडून जाड मऊ प्लास्टिकची पाकिटं आणली, प्रत्येक ब्लॉक आत घालून वर टेप लावून, सगळी एकावर एक ठेवून वर डिक्शनरी ठेवली सपाट राहावी म्हणून. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला की हे खास तिकिटांसाठीच येतं. दोन पावसाळे उघडली नाहीत. तिसऱ्या वर्षी चवथीच्या आधी कपाट झाडायला काढलं तर प्लास्टिक चिकट झालेलं, तिकिटाचा रंग प्लास्टिकला लागलेला आणि डिंक आतल्या बाजूने पाकिटाला धरलेला, म्हणजे जो डिंक वाचवायला एवढं केलं तोच सगळा गेला. बाबा काही बोलले नाहीत, मला अजून लागतं ते.

नंतर कळलं ते पीव्हीसी होतं. त्यात मऊपणा यावा म्हणून जे रसायन घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि छपाईच्या शाईला खातं. नाण्यांच्या जुन्या मऊ पाकिटांत हिरवट चिकटा येतो बघा, तेच. विकत घेताना पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन असं लिहिलेलं बघूनच घ्या, आणि नवीन प्लास्टिकचा नाकात जाणारा वास येत असेल तर सरळ परत द्या.

कागदवाली:
मी कागदपत्रं सांभाळण्याच्या कामात आहे, तिकिटं हा माझा छंद नाही पण कागद तो कागद, म्हणून लिहिते.

कौलारू भाऊ, तुमचे तपकिरी ठिपके म्हणजे फॉक्सिंग, तिकीटवाले टोनिंग म्हणतात. कधी बुरशी, कधी कागदातले लोखंडाचे सूक्ष्म कण, पुष्कळदा दोन्ही मिळून, आणि दोन्हींना लागतो तो ओलावा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच वेळ राहिली की बुरशीला निमंत्रण, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर घरात ८५-९० सहज असते. कागदाला ४० ते ५० च्या आसपास हवी, आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती स्थिर हवी. दिवसा एसी लावून रात्री बंद करणं, रोज असं वर-खाली, याने कागद आणि डिंक वेगवेगळ्या मापाने फुगतात आकसतात, तिकीट गुंडाळतं, डिंकाला भेगा पडतात. डिंक पण काय, जुना डिंक बहुतेक बाभळीच्या जातीच्या झाडाचा, पाणी शोषून घेणारा. म्हणजे कागदाच्या पाठीवर तुम्ही कायमचा एक ओलावा खेचणारा थर बांधलेला आहे. गोव्यात पहिला मरतो तो डिंक, आणि मरताना कागदाला धरून जातो. कसर आणि झुरळं पण डिंकाच्या वासानेच येतात.

आता करायचं ते. आजच ठिपकेवाली तिकिटं बाकीच्यांपासून वेगळी करा, वेगळ्या डब्यात, वेगळा चिमटा. वाळलेली भुकटीसारखी बुरशी दिसत असेल तर मास्क लावून, घराबाहेर, अगदी मऊ ब्रशने झटकायची, पण तिकिटाच्या दातांना धक्का नको. उन्हात घालू नका. आपल्याकडे पावसानंतर पुस्तकं, गाद्या सगळं उन्हात घालायची सवय आहे मला माहीत आहे, पण तिकिटाचा रंग दोन दुपारींत उतरतो आणि उतरलेला परत येत नाही. डाग धुण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड, क्लोरामाइन-टी असलं वापरतात लोक. डाग जातो हे खरं आहे. पण रसायन कागदात राहतं, कागदाचा तंतू कमजोर होतो, आणि डिंक असलेल्या तिकिटाला तर पाणीच चालत नाही. आज तिकीट पांढरं दिसेल, पण दहा वर्षांनी ते कागद म्हणून किती शिल्लक असेल ते बघायला तो धुणारा येणार नाही.

अल्बम उभे ठेवा, पुस्तकासारखे, थोडे सैल. आडवे रचले की खालच्या पानांवर वजन येतं आणि ओल्या हवेत डिंक पानाला धरतो, तुमच्या तिसऱ्या अल्बमचं तेच झालं असणार. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, पश्चिमेची भिंत तर नकोच, आतल्या खोलीत, जमिनीपासून वर. पत्र्याच्या ट्रंकेत परत घालू नका, रात्री पत्रा गार होतो आणि आत दव धरतं. रबरी गॅस्केट असलेला हवाबंद डबा घ्या, त्यात केशरी सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, आणि हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं हायग्रोमीटर. सिलिका तिकिटांना लागून नको, मध्ये कागद. रंग बदलला की काढून ओव्हनमध्ये किंवा तव्यावर मंद आचेवर वाळवून, पूर्ण गार करून परत. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या जिनसांच्या, यादीत मिरची-कोकमाबरोबर सिलिका पण लिहा! डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही जातीचं प्लास्टिक मऊ पडतं.

सेट_पूर्ण_हवा:
सगळ्यांचा आदर राखून थोडं वेगळं मत मांडतो. ग्रेडिंगला इतकं खाली लेखू नका. आकडा आला म्हणूनच लोक जपायला लागले हे पण खरं आहे ना. अमेरिकेचं ते उलटं विमान छापलेलं १९१८ चं तिकीट, इन्व्हर्टेड जेनी, एकूण शंभरच सुटली, त्यातलं ४९ नंबरचं तिकीट नोव्हेंबर २०२३ मध्ये वीस लाख डॉलरच्या वर गेलं. का? तर ते वर्षानुवर्षं बँकेच्या लॉकरमध्ये अंधारात होतं, उजेड लागला नव्हता, हिंज लागला नव्हता, रंग अगदी पहिल्या दिवसासारखा, आणि त्याला ९५ ग्रेड मिळाली. त्याच्या बऱ्याच भावंडांना हिंज लागलेत, कोणाला दुमड, कोणाचा डिंक गेलाय. म्हणजे सांभाळलं त्याला पैसा मिळाला, हा संदेश चांगलाच आहे की. आपल्याकडे लोक वहीला फेविकॉलने तिकिटं चिकटवतात, त्यांना कोणी तरी सांगायला हवं की कंडिशनला किंमत असते. मी स्वतः दोन तिकिटं डबीबंद करून घेतलीत आणि हाताळताना भीती वाटत नाही, पोरं पण बघू शकतात.

जुना_अल्बम_मडगाव:
उदाहरण छान दिलंस, पण बघ, तू आधी काय सांगितलंस? लॉकर, अंधार, हिंज नाही. ग्रेड शेवटी आली. कोणी तरी कित्येक वर्षं आकड्याचा विचार न करता सांभाळलं तेव्हा ते ९५ झालं. आणि दुसऱ्या टोकाचं उदाहरण घे, १८५६ चं ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं किरमिजी तिकीट, जगात एकच. कोपरे कापलेले, कागद मळलेला, त्यावर सही, मागे मालकांच्या खुणा, कंडिशनच्या तक्त्यात बसवायचं म्हटलं तर तळाला. २०१४ मध्ये चौऱ्याण्णव लाख ऐंशी हजार डॉलरला गेलं. त्याचे कोपरे कोणी नीट करायला घेतले नाहीत, जसं सापडलं तसं ठेवलं म्हणून ते आहे.

पण सगळ्यात बोलकं उदाहरण जर्मनीचं आहे आणि ते प्रत्येक नवीन संग्राहकाला मी सांगतो. १९३५ मध्ये क्योनिग्सबर्गच्या प्रदर्शनासाठी ओस्ट्रोपा नावाची मिनिएचर शीट, म्हणजे चार तिकिटं एकत्र छापलेला छोटा कागद, काढली. तिच्या डिंकात सल्फ्युरिक आम्ल राहून गेलेलं. डिंक ठेवला तर तो कागदाला आतून जाळतो, तपकिरी होतो, ठिसूळ होतो, तुकडे पडतात. म्हणून शहाण्या लोकांनी डिंक धुऊन टाकला आणि शीट वाचवली. आता ग्रेडच्या भाषेत बघ, मूळ डिंक असलेली शीट वरची, धुतलेली खालची, आणि वरची जी आहे ती स्वतःलाच खातेय. तिथे संग्राहकाला ठरवावं लागलं की मला भाव हवा की तिकीट हवं. आपल्या गोव्याच्या हवेत असा प्रश्न इतका भयंकर नाही येत पण छोट्या रूपात रोज येतो, डिंक वाचवायच्या नादात ब्लॉक प्लास्टिकमध्ये दाबून मारले ते वर डिचोलीकरांनी लिहिलंच आहे. धुणं तिथे बरोबर होतं कारण डिंकच विष होता, तुझ्या तिकिटांना तसं काही नाही म्हणून तुझी धुवायची नाहीत, एवढा फरक लक्षात ठेव नाहीतर ओस्ट्रोपाचं नाव घेऊन सगळीच बादलीत जातील.

पुणे_फिलाटेली:
डबीबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, मी यातले थोडे व्यवहार बघितलेत. आकड्याची ग्रेडिंग ही मुख्यत्वे अमेरिकन तिकिटांच्या बाजारात चालते. पोर्तुगीज इंडिया किंवा स्वतंत्र भारताच्या तिकिटाला आकडा मिळवून आणलात तरी तो आकडा बघून जास्त पैसे देणारा माणूस शोधावा लागेल. आपल्याला उपयोगाचं आहे ते तज्ज्ञाचं प्रमाणपत्र, म्हणजे तिकीट खरं आहे का, डिंक मूळ आहे का, दुरुस्ती झालीय का हे फोटोसकट लिहून दिलेलं. १८७१ च्या तिकिटांची पुनर्मुद्रणं आणि नकली खूप आहेत, गांधी दहा रुपयांच्या नकली तर पोतंभर आहेत. मूळ सेट स्वित्झर्लंडला फोटोग्राव्युअर या छपाईच्या पद्धतीने छापलेला, भिंगाखाली त्याची छपाई वेगळी कळते, पण फोटोवरून इथे कोणी खरं-खोटं सांगितलं तर विश्वास ठेवू नका, माझ्यावर पण नको. त्या एका तिकिटाला प्रमाणपत्राचा खर्च करा, बाकीच्यांना आत्ता काही नको.

आणि डबी म्हणजे हवाबंद पेटी असा समज करून घेऊ नका. ती हाताळण्यापासून, वाकण्यापासून वाचवते, अदलाबदल होऊ नये म्हणून असते. ओलावा हळूहळू आत जातोच, आणि तिकिटात आधीच बुरशीचे बीजाणू असतील तर तुम्ही त्यांना घर बांधून दिलंत. डबीवरचा ९० तसाच राहील आणि आतलं तिकीट बदलत जाईल. डबी असली तरी सिलिकाचा डबा लागणारच.

कौलारू_फोंडा:
सगळ्यांचे खूप खूप आभार, देव बरें करूं. काल रात्री काकांना हे सगळं वाचून दाखवलं, ते ओस्ट्रोपाच्या गोष्टीवर गप्प झाले आणि मग म्हणाले राहू देत मग त्या माणसाला नको बोलावूस. डबा आणि हायग्रोमीटर म्हापशाहून मागवलं, ठेवलं तेव्हा खोलीत ७८ दाखवत होतं, डब्यात सिलिका घालून सकाळी ५२ वर आलंय. हे बरोबर ना, अजून खाली आणू का? ठिपकेवाली सव्वीस तिकिटं वेगळी काढली.

दोन गोष्टी राहिल्या. एक, ती चिकटलेली वीस. दुसरी म्हणजे तिसऱ्या अल्बमच्या मागच्या कप्प्यात एक पाकीट सापडलं, आजोबांच्या नावावर आलेलं, वर पोर्तुगीज तिकीट आहे आणि शिक्क्याची तारीख मुक्तीनंतरच्या त्याच डिसेंबरातली वाटतेय. तिकिटाचा एक कोपरा सुटलाय. ते पाण्यात घालून नीट सोडवून स्टॉकबुकमध्ये, म्हणजे तिकिटं न चिकटवता ठेवायच्या कप्प्यांच्या वहीत, ठेवू का, कारण सुटं असेल तर बाकीच्यांसारखं ग्रेड करता येईल असं ते गृहस्थ म्हणाले होते.

कागदवाली:
५२ छान आहे, अजून खाली नका आणू. ३५-३० पर्यंत खाली गेलं तर डिंक तडकतो. पावसात रोज एकदा नजर टाकायची एवढंच.

चिकटलेल्यांसाठी, आधी बघा त्यात खरंच मोलाचं काय आहे. जी पानाला चिकटलीत ती पानासकट कापून ठेवा, पान थोडं मोठं ठेवून, काही बिघडत नाही, पान हा त्या तिकिटाचा आधारच झालाय. एकमेकांना चिकटलेली सोडवायची असतील तर झाकणाच्या डब्यात तळाला ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर तिकिटं, पाणी तिकिटाला लागता कामा नये, झाकण लावून दर अर्ध्या तासाने बघायचं. डिंक दमट होऊन मऊ झाला की बोथट चिमट्याने, कुठूनही जोर न लावता. मग डिंकाची बाजू वर करून सुकू द्यायची. डिंकाचा चकचकीतपणा जाणार हे गृहीत धरा. जुन्या काही शाया ओलाव्याने पण फुटतात म्हणून आधी सगळ्यात साध्या जोडीवर करून बघा, आणि हे काम पावसात नको, डिसेंबरात करा. तोवर तशीच राहू देत.

जुना_अल्बम_मडगाव:
पाकीट पाण्यात!! बाबा, हात जोडतो, त्या पाकिटाला पाणी दाखवू नकोस.

१९ डिसेंबर १९६१ नंतर थोडे दिवस इथे पोर्तुगीज तिकिटं चालवून घेतली होती, मग भारताची आली. त्या मोजक्या दिवसांतलं, खरोखर टपालातून गेलेलं पाकीट म्हणजे तिकीट, शिक्का, पत्ता, तारीख सगळं एकत्र असलेला एक पुरावा आहे. तिकीट सोडवलंस तर हातात राहील कोपरा निघालेलं एक साधं वापरलेलं तिकीट, तसलं माझ्या डुप्लिकेटमधून मी तुला फुकट देईन. पाकिटावर मळ असेल, घडी असेल, एक बाजू उघडताना फाटली असेल, त्याचं काही वाटून घेऊ नकोस, उघडून वाचलं गेलं म्हणूनच ते फाटलंय. सुटलेला कोपरा चिकटवू पण नकोस, कोणी तज्ज्ञ बघेल तर त्याला तो कोपरा खालून बघायला उपयोगी पडतो, शिक्क्याची शाई तिकिटावरून पाकिटावर सलग गेलीय का ते.

दोन्ही बाजूंचा चांगला स्कॅन कर, मागे पोचल्याचा शिक्का असतो बऱ्याचदा, तो आहे का? आत पत्र आहे का?

कौलारू_फोंडा:
नाही घालत पाण्यात, पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवलंय आणि डब्यात उभं. मागे शिक्का आहे, फोंड्याचा, पुढच्या बाजूच्या शिक्क्याच्या दोन दिवसांनंतरचा. आत पत्र आहे, एकच पान, मराठीत आहे, आजोबांच्या थोरल्या बहिणीने मडगावहून लिहिलेलं. गाड्या सुरू झाल्या की येते, वाट बघू नका, आणि पोरांना बाहेर सोडू नका असं आहे. शेवटी लिहिलंय की टपाल चालू आहे की नाही ठाऊक नाही तरी टाकून बघते.